बंबापुढचा नारळ

पार्बताबाई,

तू लेकीच्या, वर्षालीच्या बाळंतपणाला हिवरखेडला गेलीस ती तिथंच रमलीस, आणि तुझा नारळ माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बसून आहे. नवसाला बोललेला नारळ, चटणीसाठीही हात लावायची सोय नाही. त्यातच आमच्या महिला मंडळानं तुझ्याबद्दल अंकात लिहा म्हणून भुणभुण लावली आहे. पाठीमागे बोलणं मला जमत नाही. तोंडावरच सांगते, बाकीच्यांनी ऐकावं.

जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पुलाजवळ तुझं फुलांचं दुकान. दुकान कसलं, एक फळी आणि वर ताडपत्री. सकाळी पहिल्या विक्रीची भवानी व्हायच्या आधी पहिला हार हातात धरून तू डोळे मिटणार आणि गिऱ्हाईक ताटकळणार. एकदा मी न राहवून विचारलं, झालं का? तू एक डोळा उघडलास. "थांबा बाई, आता ॲम्ब्युलन्सवाले आले."

मग कळलं, तुझ्या प्रार्थनेत रांग असते. आधी सीमेवरचा तुझा किशोर आणि त्याच्यासोबतचे जवान, मग आगीच्या बंबावरची माणसं, मग ॲम्ब्युलन्सवाले, चौकातले पोलीस, आणि शेवटी भर पावसात खांबावर चढणारे लाइनमन. स्वतःसाठी काही नाही. किशोर तुझा मुलगा, हे समजलं. बाकीचे तुझे कोण? तर म्हणालीस, पुराच्या साली घरात पाणी शिरलं तेव्हा बंबावरच्या एकानं तुला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. "तोंड नाई पाह्यलं त्याचं, पाठच पाह्यली. आता नेमका कोनाले आशीर्वाद देऊ? म्हनून साऱ्याइलेच देतो."

त्या दिवशी मी हाराचा भाव पाडून मागितला नाही. असं सहसा होत नाही.

आता मागच्या दसऱ्याचं. त्या दिवशी फुलवाल्यांना श्वास घ्यायला सवड नसते, पण तू शेजारणीला दुकानाकडे बघायला सांगून, पूजेचं ताट माझ्या हाती देऊन निघालीस ती थेट अग्निशमनच्या आवारात. भगवंतराव ड्रायव्हरनं बंब धुऊन पुसून नवरदेवासारखा उभा केला होता. तू एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत झेंडूचा हार बांधलास, कुंकवाचं स्वस्तिक काढलंस, चाकांखाली लिंबं ठेवलीस, आणि नारळ हातात धरून डोळे मिटलेस. मी म्हटलं होतं, आधी फोड, मग काय ती प्रार्थना कर. पण तू ऐकशील तर ना.

तू लाइनमनपर्यंत पोचली असशील, तेवढ्यात घंटा वाजली. बाळापूर रोडवर सरकीच्या गोदामाला आग. भगवंतराव चढता चढता म्हणाला, "मावशी, नारळ आल्यावर." लिंबं चिरडली, हार फडफडला, बंब गेला.

तू पायरीवर बसलीस. चेहरा पार उतरला. "अर्धीच पूजा करून धाडलं मी त्याइले." मी समजावलं की ते पाणी आणि पाइप घेऊन गेलेत, आग तुझ्या नारळानं विझायची नाही. काही उपयोग नाही. चहा नाही, पाणी नाही, दुकानावर जायचं नाव नाही. शेजारीण कंटाळून गेलेली. शेवटी ऐन दसऱ्याला तुझ्या फळीवर मी बसले. एक बाई झेंडू दाबून दाबून बघत होती. तिला सांगितलं, फूल आहे ते, वांगं नाही. एक गृहस्थ भाव न विचारता दोन हार घेऊन गेले, बहुधा घाबरून. पण माल सगळा खपला. तू हे कबूल करत नाहीस, ते वेगळं.

संध्याकाळी मी परत आले तर तू तशीच पायरीवर. बंब आला. तू बंबाकडे पाहिलंच नाहीस. उतरणाऱ्या एकेकाकडे पाहत राहिलीस, शेवटचा उतरेपर्यंत. सगळ्यांची तोंडं काळी, नुसते दात पांढरे. हाराचा फक्त दोरा उरलेला. भगवंतराव म्हणाला, फुलं जळाली नाहीत मावशी, आमच्याच पाण्यानं वाहून गेली. तू हसलीस, मग पदरानं डोळे पुसलेस आणि लगेच त्यांना झापलंस की आधी तोंडं धुवा, दसऱ्याच्या दिवशी भुतावानी दिसून राह्यले.

पोरांनी नारळ फोडायला दगड आणून ठेवला. तर तू नारळ पदराखाली घेतलास.

"आता नाई. हे आले, माहं एक यायचं हाये अजून. किशोर दिवाईले येईन, तोच फोडन इथं, बंबापुढं."

तुझ्या घरी उंदीर, म्हणून नारळ माझ्याकडे आला. दिवाळीला किशोरला सुट्टी मिळाली नाही. संक्रांतीचीही पुढे गेली. फोनवर हसत म्हणाला, "आई, नारळाले म्हनजो, दम धर." मग तू हिवरखेडला गेलीस.

नारळाचा आता गोटा झालाय, हलवला की खुळखुळतो. फळी पुसायला मी तो उचलते, आणि उचलला की तुझी ती रांग तोंडात येते. किशोरपासून सुरुवात केली तर मधे सोडवत नाही. काल पोलिसांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात दूध उतू गेलं.

भगवंतराव रस्त्यात भेटला की विचारतो, नारळ बरा आहे ना? तो दगडही त्यांनी आवारात भिंतीला टेकवून ठेवलाय. किशोरच्या सुट्टीचं कळलं की मला फोन कर. नारळ फुटायचा आहे अजून.