ठाणे ते डोंबिवली, एका फणसासह

ठाण्याच्या घरमालकाला अंगणात पत्र्याची शेड घालायची होती, म्हणून पौषात माझी धाकटी बहीण कमल डोंबिवलीच्या नव्या बिऱ्हाडी निघाली. सामान आगगाडीने गेलं. उरला पुरुषभर उंचीचा फणस. त्याची आठळी मेहुण्यांनी पेरली होती आणि कोंब दिसायच्या आधीच ते गेले. "दादा, तो येत नसेल तर मीही येत नाही," कमल म्हणाली. मी पडलो संस्कृतचा मास्तर. झाड हलवायला आणखी काय लागतं?

अशी यात्रा योजणाऱ्यांनी पहाटेच निघावं. बैलगाडीचे बारा रुपये, वैरण वेगळी. गाडीवाले बाळारामदादा कळव्याचे, उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेलेली. त्यांनी झाड खणून काढलं. सोटमूळ खडकात शिरलेलं, त्याचं टोक तोडावं लागलं. बाकीची मुळं मातीसकट गोणपाटात बांधली. कमल आगगाडीने पुढे गेली, खड्डा खणायला.

कळव्याचा पूल ओलांडून मुंब्र्याला आलो. डावीकडे खाडी, उजवीकडे डोंगर, मध्ये एक आण्याचा चहा आणि कालची भजी. उन्हाने गोणपाट कोरडं पडलं होतं.

"बाळारामदादा, खाडीतून बादली भरून आणा."

"मास्तर, पानी खारा हाय. भरतीची येल हाय."

"अहो, झाडाला आमच्यात पादप म्हणतात. पायांनी पिणारं."

"पितंल. पन खारा पिऊन कोनाची तान भागते? माजे बैल बगा, तोंड तरी लावतान का. शिळला हीर हाय, दम धरा."

दम धरणं हा माझा विषय नव्हे. चार बादल्या मी स्वतः ओतल्या.

शिळला तांदळाची भाकरी आणि ठेचा उत्तम मिळतो. मानपाड्यापुढचा रस्ता म्हणजे शेताचा बांधच. दिवेलागणीला पोचलो. कमलचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते.

आठ दिवस पानं हिरवी राहिली. मग गळू लागली.

शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांना विचारलं. त्यांनी फळ्यावर मूळ काढलं. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, पाणी वर नेतात. पाणी पितात ते टोकांजवळचे केसांहून बारीक मूलरोम. भोवती मीठ साठलं की उलट त्यांच्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेनं मरतं.

"असं कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"एका विद्वानानं," मी म्हटलं.

गेल्या रविवारी सगळं सांगायचं ठरवूनच डोंबिवलीला गेलो. कमल सकाळी दोन, संध्याकाळी दोन कळशा विहिरीवरून आणून घालते. पान एकही नाही.

"मुळं धरलीत हं, दादा. हलवून पाहिलं, जराही हलत नाही."

खरं होतं. मेलेली मुळंही झाड धरून ठेवतात. मी तिच्या हातातली कळशी घेतली, भरून आणली आणि बुंध्याशी ओतली.

घरी येऊन हे लिहितोय, कारण तोंडाने सांगवलं नाही. या मासिकाचा अंक तिच्याकडे जातो. कमल, वाचून झालं की कळशी खाली ठेव.