गाडीत भरलेली वाळू

घिवलीला आमच्या दारात ती मोठी गाडी आली तेव्हा मला सातवा महिना लागला होता, आणि त्या गाडीची वाटली तेवढी भीती मला समुद्राचीही कधी वाटली नाही. त्याआधी दोनदा माझं पोट रिकामं झालं होतं. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी या खेपेला बजावलं होतं, अजिबात हादरे बसू द्यायचे नाहीत. आणि तपासायला मात्र वरचेवर पालघरलाच बोलावत होत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याच्या बोटीला म्हावरं चांगलं मिळत होतं. थंड हवेच्या, मऊ गाद्यांच्या त्या घरगुती मोठ्या गाड्या तेव्हा नुकत्याच दिसू लागल्या होत्या. विकणाऱ्याने त्याला दोन दाखवल्या. एक खड्ड्यातून पाळण्यासारखी जायची, पण वळणावर डुलायची. दुसरी टणक, वेगात कशीही वळवा, रस्ता सोडायची नाही. नवऱ्याने दुसरी उचलली. बायको पोटुशी, आणि याला हवी वळणावर पळणारी गाडी! मी तडकले तेव्हा म्हणाला, "अगो, मऊ गाडी वळणावर आडवी होते. ही रस्ता धरून राहते. तुज्यासाठीच घेतली हाय." सगळं गाव येऊन तिला हात लावून गेलं. मी मागच्या मखमली गादीवर बसले आणि पहिल्याच खड्ड्यात कळलं की मखमल फक्त वरवरचीच आहे.

त्या फेरीत मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. प्रत्येक धक्क्याला वाटायचं, गेलं आता. घरी आल्यावर मी ढसाढसा रडले आणि या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणून सांगून टाकलं.

सासरे जुने तांडेल, उभा जन्म बोटीवर गेलेला. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले, मागचा भाग दाबून बघितला आणि म्हणाले, "रिकामी हाय म्हणून उडते. रिकामी बोटपण अशीच नाचते. बुडाला भार घाला, मग बगा कशी बसते ती." आमच्याकडे जाळी-म्हावरं नसलं की बोटीच्या तळाशी वाळूची पोती टाकतात, त्यामुळे यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. बाप-लेकांनी किनाऱ्यावरची ओली वाळू पोत्यांत भरली आणि माझ्या गादीमागे रचली. गाडीचं बूड चांगलं खाली बसलं.

आणि खोटं कशाला बोलू, गाडी खरंच मऊ झाली. पुढच्या तपासणीला पालघरला निघालो, तेव्हा बोईसरपर्यंत खड्डे नुसते जाणवत होते, लागत नव्हते. सासरे पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाले, "काय पोरी, बोललो का नाय?" मी हसले. कित्येक दिवसांनी पोटावरचे हात काढून मागे टेकले.

बोईसर सोडल्यावर एका वळणावर समोरून कारखान्याचा टँकर आला, जवळजवळ आमच्याच बाजूने. नवऱ्याने त्या गाडीच्या भरवशावर झटकन स्टिअरिंग फिरवलं. बोटीत पोती लाकडांच्या मध्ये घट्ट बसवलेली असतात. इथे तळ गुळगुळीत होता. सगळी पोती एकदम एका बाजूला सरकली, गाडीचं तोंड वळलं आणि मागचा भाग वळलाच नाही. गाडी कलली. माझ्या खिडकीत आभाळ नव्हतं, नुसतं गवत होतं. मी किंचाळले की नाही तेही आठवत नाही. मग गाडी धपकन सरळ झाली आणि शेताच्या कडेला उभी राहिली. टँकर निघून गेला होता.

"लागलं काय गो?" नवरा ओरडला. लागलं कुठेच नव्हतं. पण सकाळपासून पोटात धिंगाणा घालणारं मूल गप्प झालं होतं. मी हात ठेवला, दाबून पाहिलं, हाकही मारली. काही नाही.

"हलत नाय," मी म्हटलं.

नवऱ्याने पोती ओढून शेतात फेकायला सुरुवात केली. सासरेही खाली उतरून ओढू लागले. कुणी कुणाला बोल लावला नाही.

रिकामी गाडी पुन्हा टणक झाली. नवरा बैलगाडीच्या चालीने चालवत होता, एकेक खड्डा चुकवत होता. आधीच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं, आधी सगळं शांत झालं होतं. डॉक्टरीणबाई काय सांगतील ते मला जणू आधीच ऐकू येत होतं.

तेवढ्यात त्याला न दिसलेला एक खड्डा आला. गाडी अशी आदळली की माझे दात दातांवर आपटले, आणि बरगडीखाली आतून काहीतरी हललं. लाथ असेल, किंवा माझा भास असेल. माझा विश्वास बसेना.

नवऱ्याने घाबरून ब्रेक मारला. "काय झालं?"

"थांबू नका," मी म्हटलं. "अजून एका खड्ड्यातून घ्या."