तेल्या आल्याबद्दल पेढे

२१ ऑगस्ट, गुरुवार, सकाळचे अकरा. रक्कम दोन लाख दहा हजार रुपये, अजून न मिळालेली. हजर चौघे: आमच्या लॅबचे मालक बसवराज आप्पा, प्रयोगाला हप्त्याने पैसे देणाऱ्या डाळिंब उत्पादक गटाचे अध्यक्ष रशीदभाई, शेडनेट सांभाळणाऱ्या मल्लव्वा आणि मी. शिवाय डाळिंबाची ऐंशी रोपं. सगळी ठणठणीत, आणि भांडण त्यावरूनच चाललं होतं.

"मॅडम, ह्यातली तुमची नवी कुठली आन् साधी कुठली?" रशीदभाईंनी विचारलं.

"डावीकडची चाळीस नवी. उजवीकडची चाळीस साधी भगवा, बाजारातली नेहमीची जात."

"मला तर सगळी एकाच आईची लेकरं दिसतात."

त्यांचं बरोबर होतं.

मी वनस्पती रोगशास्त्र शिकले. माणसांचे डॉक्टर रोग घालवायचे पैसे घेतात, मी झाडांना रोग लावायचा पगार घेते. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि पुढचे प्रश्न ऐकत जेवते.

आमच्याकडे डाळिंबावर तेल्या नावाचा रोग येतो. जिवाणूचा रोग. पानावर, फळावर तेलाचं बोट लागल्यासारखे डाग पडतात, पुढे फळ तडकतं. यावर औषधांचे फवारे मारण्यापेक्षा झाडच काटक करावं, असं आमचं काम. भगव्याचा एका आंबटढाण गावठी डाळिंबाशी संकर केला. गावठीचं फळ खाऊन तोंड वाकडं होतं, पण तेल्या त्याला फारसा शिवत नाही. त्यातून शेकडो रोपं निघाली. प्रत्येकाला वाढवून, रोग लावून बघायचं तर मी रिटायर होईन. म्हणून कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासायचा. रोगाशी झुंजण्याच्या गुणाला लागून डीएनएमध्ये एक खूण असते. त्या खुणेला आम्ही मार्कर म्हणतो. ज्या रोपात मार्कर ते ठेवायचं, बाकीची काढायची. उरलेल्यांत सातव्या नंबरचं रोप सगळ्यात चांगलं निघालं. ते लाइन सात. टिश्यू कल्चरने, म्हणजे बाटलीत त्याच्याच तुकड्यांपासून, त्याची हुबेहूब रोपं केली. या सगळ्याला सात वर्षं लागली.

शेवटची परीक्षा म्हणजे दोन्हीकडच्या रोपांवर जिवाणू फवारायचा. साधी आजारी पडली आणि नवी टिकली, तर नवी खरी. पण साधी आजारीच पडली नाहीत तर? पेपरच आला नाही तर सगळेच पास. त्या निकालाला काही अर्थ नाही.

आणि तेल्या येतच नव्हता. तीन वेळा फवारला. पानांना सुयांनी टोचून फवारला, कारण जखमेतून जिवाणू लवकर शिरतो. त्याला दमट हवा लागते म्हणून फॉगर लावले, दर अर्ध्या तासाला धुकं. बाहेर अख्ख्या जिल्ह्यात लोक तेल्याच्या नावाने कपाळाला हात लावून बसलेले, आणि आमच्या चाळीस भगव्यांची पानं अशी तुकतुकीत, की वरातीला निघाल्यासारखी.

"आमच्या बागेत न बोलवता येतो," रशीदभाई म्हणाले, "आन् तुमी आमंत्रण देऊन बी येईना व्हय? माझ्याकडनं पाटीभर आजारी पानं आणू का? फुकट देतो."

"जिवाणू जिवंत आहे, रशीदभाई. लॅबच्या डिशमध्ये रोज वाढतोय."

"मग डिशलाच पैसे देतो."

बसवराज आप्पा मध्ये पडले. आप्पा मूळचे सुताच्या व्यापारातले, साठीचे. डोळ्यांसमोर माल असेल तर त्यांना बोलायला जोर येतो. दारातल्या फॉगरच्या पाइपच्या जॉइंटखाली उभं राहून त्यांनी विज्ञानाला वेळ लागतो यावर पाऊण तास भाषण केलं. अंगात लेकीने साठीला दिलेला मरून शर्ट.

रशीदभाईंनी शांतपणे ऐकलं. "आप्पा, संध्याकाळी सहाला गटाची मीटिंग हाय. त्यांना मी काय दाखवू? तुमचं भाषण? तिसरा हप्ता थांबवतो. माणूस तुमी चांगले, पण झाडं पण चांगलीच हायत की, तेच वांदं झालंय."

ते मोटारसायकलवरून निघून गेले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. हप्ता आला नाही तर शेडनेट बंद आणि लाइन सात खड्ड्यात, हे त्यांनी मला महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. आता फक्त मान हलवली. मीही हलवली.

दुपारी जेवायला बसलो. मल्लव्वांनी शेंगाचटणी वाढली. त्या अक्कलकोटकडच्या. झाडांशी कन्नडमध्ये बोलतात आणि आमच्याशी मराठीत. आप्पांचा पहिला घास हातातच राहिला.

"हे काय?" ते स्वतःच्या डाव्या खांद्याकडे बघत होते. मरून शर्टावर फिकट डाग. "तो इस्त्रीवाला. आज त्याला सोडत नाही."

रोगशास्त्र शिकलेल्या माणसाला डाग दिसला की तो मोजावासा वाटतो. मी उठून खांद्याजवळ गेले. अकरा डाग. गोल, मध्ये पिवळट पांढरे, कडेला गुलाबी. सगळे डाव्या खांद्यावर आणि बाहीवर. उजवीकडे एकही नाही.

"आप्पा, सकाळी हे होते का?"

"सकाळी लेकीला फोटो पाठवला ना मी."

फोटो बघितला. शर्ट स्वच्छ. म्हणजे डाग नवे, चारेक तासांतले. इस्त्रीवाला निर्दोष. "तुम्ही भाषण कुठे उभं राहून केलंत?"

"दारात. वरून काहीतरी टपकत होतं. पण बोलताना मध्ये थांबलो नाही."

मी जेवण तसंच ठेवून जॉइंटखाली ग्लास धरला. ग्लासाला पोहण्याच्या तलावासारखा वास. पाइप जिथून येतो त्या टाकीवरची शिडी चढले. तळाशी पांढरा गाळ. खाली आले ती ओरडतच.

"मल्लव्वा, टाकीत काय टाकता?"

"टीसीएल री. टँकर आला की एक डबा."

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. गावोगावी पिण्याच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून टाकतात. चिमूटभर. डबा नव्हे.

"कोणी सांगितलं?"

मल्लव्वांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी चटणीकडे बघितलं.

"सगळ्यांची पोटं बिघडली होती ना जूनमध्ये," आप्पा हळूच म्हणाले. "पिण्याला तेव्हापासून जार घेतो, पण टाकीचंही मीच सांगितलं. म्हटलं, एकही जंतू राहता कामा नये."

आणि एकही राहिला नव्हता. मी डिशमधला जिवाणू मोठ्या कौतुकाने आणायचे, फवारण्यासाठी त्याच टाकीच्या पाण्यात कालवायचे. उरलासुरला फॉगर दर अर्ध्या तासाला मारत होता. आम्ही तीन वेळा अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने रोपांना अंघोळ घातली होती. उजवीकडची रोपं तुकतुकीत नसती तरच नवल.

खात्री केल्याशिवाय मी काही बोलत नाही. ग्रामपंचायतीत पाणी तपासायला वापरतात ते औषध आणलं. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, जास्त असेल तर नारिंगी. आमचं पाणी नारिंगी मिरिंडा झालं. मला हसू फुटलं. मग मल्लव्वांना फुटलं. आप्पा थोडा वेळ मालक राहिले आणि मग तेही हसत सुटले.

"आप्पा, तेल्या झाडाला नाही आला," मी कशीबशी म्हणाले, "पण शर्टाला आला."

साडेपाचला रशीदभाईंना फोन लावला. ते मीटिंगच्या दारात होते. आप्पा म्हणाले, "पाणी खराब होतं असं सांगा." मी म्हटलं, पाणी फार चांगलं होतं, तेच सांगणार. सगळं सांगितलं, शर्टासकट. पलीकडे बराच वेळ नुसताच खोकला. मग रशीदभाई म्हणाले, "थांबा मॅडम, स्पीकरवर टाकतो. पुन्हा पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं. चाळीस शेतकरी एकदम हसले की फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"फवारल्यापासून बारा दिवस देतो," ते शेवटी म्हणाले. "तेराव्याला बोलवू नका, मला जेवण जाणार न्हाय."

टाकी धुतली. टँकरचं नवं पाणी उघड्या पिंपांत दोन दिवस उन्हात ठेवलं, क्लोरीन उडून जातो. औषधाचे थेंब टाकले, पाणी पांढरंच राहिलं. शनिवारी संध्याकाळी चौथ्यांदा फवारलं. मल्लव्वांनी उजवीकडच्या रोपांना कन्नडमध्ये काहीतरी दम दिला. अर्थ विचारला तर म्हणाल्या, "आता नाटक करू नका, म्हणाले री."

नवव्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी भाकरी थापत होते. मिस्टरांनी माझा फोन उचलला. "मल्लव्वा म्हणतात, आला." आणि मला विचारलं, "कोण आलं?"

"रोग."

"मग मी काय करू, औषध आणू की हार?"

भाकरी त्यांच्या हवाली करून मी निघाले. उजेडासमोर पान धरलं. तेलकट, पारदर्शक ठिपका. शेजारी दुसरा. इतका सुंदर तेल्या मी पुस्तकात बघितला नव्हता. आप्पा दारातूनच "किती, किती" करत आले, यावेळी जॉइंट टाळून. आम्ही तिघं वाकून आजारी पानं बघत होतो, बारशाला आल्यासारखे.

आप्पांनी चौकातून किलोभर पेढे आणले. शेजारच्या ठिबकच्या दुकानदाराला दिले. पेढा तोंडात टाकून त्याने विचारलं, कशाबद्दल? "आमच्या डाळिंबाला तेल्या झाला," आप्पा म्हणाले. त्याचं तोंड चालायचं थांबलं. त्याचीही चार एकर बाग आहे.

बाराव्या दिवशी रशीदभाई आले. मी आकडे ठेवले. भगवा: चाळीसपैकी सदतीस आजारी, डाग रोज वाढते. लाइन सात: चाळीसपैकी सहांवर डाग, बारीक, तिथेच थांबलेले.

आप्पा माझ्या कानात म्हणाले, "सहा सांगायलाच पाहिजेत का?"

"तुम्ही सांगणार नसाल तर मी दोनदा सांगते."

रशीदभाईंनी सहाही रोपं स्वतः बघितली. भिंग घेऊन, एकेक डाग. मग उलट्या क्रेटवर बसले. "सहा चालतील. माझ्या बागेत सदतीसवालीच हायत सगळी." थोडं थांबून म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा हा रोग बघून पोटात गार वाटलं, मॅडम. घरी सांगितलं तर मार खाईन."

जाताना त्यांना दाराशी पाय बुडवायच्या पसरट तसराळ्यात उभं केलं. इथला जिवाणू त्यांच्या बागेत जाऊ नये म्हणून त्यात ब्लीचिंगचं पाणी. तोच डबा, आता योग्य जागी. मल्लव्वांनी चिमूट नाही, मूठभर टाकली होती.

रोपांचा धडा मी नोंदवला, तो लाइन सातच्या कामाचा आहे. दुसरा घरगुती आहे: एखादी गोष्ट होत नसेल, तर ती होऊ नये म्हणून कोण मनापासून झटतंय, ते आधी बघावं. बहुधा तोच माणूस ती व्हावी म्हणून सगळ्यात जास्त तळमळत असतो.

हिशेब असा. गटाने तिसरा हप्ता, दोन लाख दहा हजार, लॅबच्या खात्यात भरला. पेढ्यांचे पाचशे साठ आप्पांनी स्वतःचे घातले. शर्टाचे अकराशे पन्नास त्यांनी प्रयोगाच्या खर्चात लावायला दिले, ते मी नामंजूर केले, कारण टीसीएलची ऑर्डर त्यांचीच. शेवटी तो शर्ट रशीदभाईंनी विकत घेतला, बागेच्या कोपऱ्यात बांबूवर टांगायला. "तेल्या आला तर बघंल," म्हणाले, "हितं आधीच कुणीतरी येऊन गेलंय, आन् निघून जाईल." रोख अकराशे पन्नास, रशीदभाईंकडून बसवराज आप्पांना, माझ्यासमोर. आप्पांनी नोटा दोनदा मोजल्या.