मागच्या सीटवरचे साहेब

बाळांनो, परवा मंडईबाहेर आजोबांची जुनी स्कूटर काही केल्या सुरू होईना. शेजारच्या मोटारीतून एक वृद्ध गृहस्थ उतरले आणि म्हणाले, "अहो, जरा आडवी करा, पेट्रोल उतरेल."

"मला कशाला शिकवता? बनवणाऱ्याला शिकवा," आजोबा म्हणाले.

"साहेबांचाच होता कारखाना," त्यांचा ड्रायव्हर पुटपुटला.

गृहस्थ नुसते हसले. त्यांनी स्वतः हँडल धरून गाडी तिरकी केली, आजोबांनी किक मारली आणि ती सुरू झाली. तरी गृहस्थांचा सीटवर ठेवलेला हात निघेना.

"एक चक्कर माराल? घरचे आता मला गाडीला हात लावू देत नाहीत."

ड्रायव्हर नको नको म्हणत असताना ते माझं हेल्मेट घालून मागे बसले. दोघं मंडईला वळसा घालून आले. गृहस्थ कंबर धरून उतरले.

"मागे फारच हादरे बसतात हो! मी जन्मभर पुढेच बसलो."

"मागे आमची ही बसते," आजोबा म्हणाले.

गृहस्थांनी माझ्यापुढे हात जोडले. "बाई, चुकलंच माझं."

लग्न झाल्यापासून मी त्या सीटवर बसते आहे, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. घरी येताना आजोबांनी एकूण एक खड्डा चुकवला.