दाराबाहेरची राणी

सई, अन्वय, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की परीकथेच्या चित्रपटातल्या बाहुल्या चालतात कशा. मी सांगणारच होते, पण तेवढ्यात वरच्या मजल्यावरचं सामान उतरवायला माणसं आली आणि ते राहून गेलं. म्हणून आता लिहिते. आमच्या वरच्या काकांइतकं हळू बाहुलीला चालवणारा माणूस अख्ख्या बदलापुरात झाला नाही.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत. निवृत्तीनंतर त्यांनी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा राजवाडा उभारला आणि स्वतः ओट्यापाशी उभ्याने जेवू लागले. पद्धत सोपी होती. राणीचा पाय नखभर पुढे सरकवायचा, फोटो काढायचा; पुन्हा नखभर, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की राणी चालते. तिला अंगण ओलांडायला अख्खा उन्हाळा लागला. सावली हलू नये म्हणून काका भर दुपारी पडदे ओढून दिवे लावत. पाऊल नेमकं कसं पडतं ते बघायला जिन्यात एक पाय अधांतरी धरून थांबत. निम्म्या सोसायटीने त्यांना गुडघ्याचं तेल सुचवलं होतं.

घोड्याच्या डोळ्यांसाठी ते उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये गेले. दोन बटणं मागितल्यावर सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, डझन के नीचे नहीं मिलेगा." काकांनी डझन घेतली आणि उरलेल्या डोळ्यांसाठी कथेत बेडूक, हरणं आणि एक घुबड घातलं. बटणं वाया कशी घालवायची, असं त्यांनी मला फार गंभीरपणे समजावलं.

कथा मात्र काकूंची होती. वनात गेलेली राणी घरी परतते, एवढीच. काकू ती मुलीला झोपवताना सांगत. ती मुलगी आता तुमच्यासारखीच लांब राहते. काकू दवाखान्यात गेल्या त्या घरी आल्याच नाहीत. त्यांच्या मोरपंखी साडीच्या काठातून काकांनी राणी शिवली.

ही राणी वन, नदी, अंगण ओलांडून राजवाड्याच्या पायरीपर्यंत आली आणि तिथेच अडली. काका कधी म्हणत दिवे बदलायचे आहेत, कधी म्हणत दाराचा रंग पसंत नाही. शेवटी मी सरळ विचारलं, तिला आत कधी घेणार?

"आत आली की संपलं ना, वहिनी. मग सकाळी उठून मी करू काय?"



मग गौरी आल्या. हळदीकुंकवाला घरोघर फिरणाऱ्या आमच्या बायकांना काकांच्या उघड्या दारातून दिव्यांची आरास आणि साडीतली बाहुली दिसली. त्या आत शिरल्या. काका गोंधळून चहा टाकायला गेले. मी मागून जिना चढून पोचते तोवर तळमजल्यावरच्या पाटीलबाईंनी राणीला हळदकुंकू लावलं होतं, आणि आता तिला उचलून राजवाड्यात ठेवत त्या स्वयंपाकघराकडे पाहून काकांना दटावत होत्या, "गौर अशी दाराभायेर उभी ठेवतान का, भाऊ? घरान घ्यावी तिला."

काका कपबश्यांचा ट्रे धरून उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ट्रे खाली ठेवला. मग पाटीलबाईंना हळूच म्हणाले, "बरं केलंत. मला जमत नव्हतं."

बायका गेल्यावर त्यांनी एकच फोटो काढला. कुंकू पुसलं नाही, राणीला पुन्हा पायरीवर नेलं नाही. त्यानंतर सकाळी ते माझ्याकडे चहाला येऊ लागले. पेपराचं एक पान मला देत, एक स्वतः वाचत.

या पावसाळ्यात काका गेले. मुलगी आली, तिने घर रिकामं केलं. राजवाडा छताच्या गळतीने भिजून मऊ पडला होता, तो टाकून द्यावा लागला. चित्रपट तिने जाताना मला दिला, तो माझ्याकडे आहे. चार-पाच मिनिटांचा आहे. शेवटी राणी दाराबाहेर दिसते आणि पुढच्या क्षणी घरात, कपाळावर कुंकू.