मामंजींची लेन्स आणि माझं हळदकुंकू

मैत्रिणींनो, आज घरात हसू आवरेना.

मामंजींच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स लेकीच्या डिजिटल कॅमेऱ्याला लावायला शिवाजीनगरहून अ‍ॅडॅप्टरची कडी आणली. नवी लेन्स परवडत नाही. पण कडी लेन्सवर बसेचना. लेक रडवेली झाली.

मग मामंजींनीच भिंग घेऊन लेन्सची मागची कड पाहिली. "सूनबाई, दर आयुधपूजेला हळदकुंकू थापलंस ना? खाच पार बुजलीय बघ!"

"म्हणूनच एवढी टिकली, मामंजी!"

कोरड्या ब्रशने मी हळूहळू सगळं काढलं. कडी फिरली, टक्क वाजलं, लेन्स बसली!

निघालेलं कुंकू मामंजींच्याच कपाळी लावलं आणि लेकीने पहिला फोटो त्यांचा काढला. काय गोड हसलेत!

देवाच्या कुंकवाला नाही कसं म्हणू? यंदा लेन्सला मागून झाकण घालून त्या झाकणावरच लावलं तर चालेल ना?