आतली टाळू

नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी हलली आणि आमचं ग्वाल्हेर ओकं पडलं. आमचे 'हे' कचेरीबरोबर भोपाळला गेले, जनावरांच्या दवाखान्यातले मराठी डॉक्टरही तिकडेच. मला सातवा महिना. माधवगंजातल्या घरात मी, सासूबाई आणि त्यांच्या पथ्याच्या दुधासाठी पाळलेली शेळी.

ती व्याली. एकच करडू, पांढरंशुभ्र. आचळाला तोंड लावलं की दूध नाकातून बाहेर. शेजारीण म्हणाली, "पोटुशीनं असलं बघू नये गं." मेलीच्या जिभेला हाड नाही! पण ते माझ्या मनात जाऊन बसलं ते बसलंच. हे करडू जगलं तर माझं लेकरूही नीट होईल, असं मी धरूनच चालले.

करडू दवाखान्यात नेलं. नवे डॉक्टर हिंदी बोलणारे. मी साताऱ्याची, लग्न होऊन वर्ष झालेलं, माझी हिंदी भाजीवाल्यापुरती. त्यांनी करडू तपासलं तेव्हा शेजारणीचं आठवून मी मान फिरवली. "तालू खुला है इसका. अब क्या भरेगा!" असं म्हणून ते पुढच्या म्हशीकडे वळले.

हात्तिच्या! टाळू भरली नाही, एवढंच ना? बहिणीच्या दोन्ही पोरांची टाळू मीच तेलानं भरली होती. घरी येऊन तीळतेल कोमट केलं आणि करडाच्या डोक्यावर मधोमध थेंब थेंब जिरवलं. सकाळ-संध्याकाळ तेच. वर चमच्यानं दूध. नाकातून आलं की पुसायचं, परत पाजायचं. सासूबाई म्हणाल्या, "बारसंही करून टाक त्याचं!"

तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीत घुरघुर सुरू झाली. पदरात गुंडाळून, पोट सावरत, बाड्यावरच्या, भर चौकातल्या गर्दीतून दवाखान्याकडे धावत सुटले. देवा, एवढं जगव रे! दुसरं काही सुचतच नव्हतं. डॉक्टर नव्हते. म्हातारे कंपाउंडर होते, मराठी. त्यांनी तेलानं माखलेलं डोकं पाहिलं.

"हे काय, वहिनी?"

मी सांगितलं. त्यांनी करडाचा जबडा उघडला आणि माझं बोट धरून आत, वरच्या बाजूला लावलं. मधोमध चीर होती.

"टाळू ही. आतली. जन्मतःच फाटलेली. पाजलेलं दूध छातीत गेलंय."

"मग पाजायचं कसं होतं?"

"नळीनं. जगलं असतं कदाचित."

ते माझ्याच पदरात गेलं. त्या डॉक्टरला मी वाटभर शिव्या घातल्या. पण मान फिरवून उभी होते ती मी.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. सुईणीनं हातात दिली तेव्हा मी नाक-डोळे पाहिलेच नाहीत, आधी तोंडात बोट घातलं. वर सगळं सलग होतं. ती बोट चोखायला लागली आणि मला रडू फुटलं. तेवढ्यात सासूबाई टाळू भरायला कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या. त्या वासासरशी मी ओरडले, "ते तेल आधी बाहेर न्या!"